हायड्रॉलिक क्लच बिघडलाय? गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणायच्या आधी हे तपासा

जुनी गाडी असली की हे कधी ना कधी होतंच. गिअर जड पडायला लागतो, रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो, गॅरेजमध्ये नेली की मेकॅनिक एकदा पेडल दाबून बघतो आणि सांगतो, क्लच प्लेट गेली, पूर्ण सेट टाकावा लागेल, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आमच्या २००३ च्या क्वालिसला असंच सांगितलं होतं. प्रत्यक्षात खालच्या सिलेंडरमधलं रबरी वॉशर फाटलं होतं, काहीशे रुपयांचं किट टाकून गाडी नीट झाली आणि क्लच प्लेट अजून तीच आहे.

मेकॅनिक लोक मुद्दाम फसवतात असं माझं म्हणणं नाही, पण घाईत वरून खाली क्रमाने कोणी तपासत नाही आणि बिल आपल्याला येतं. तपासायला अर्धा-पाऊण तास आणि पेडल दाबायला एक माणूस लागतो, बाकी फार काही नाही.

आधी एवढं समजून घ्या

पेडलच्या मागे, इंजिनच्या बाजूला फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) मास्टर सिलेंडर असतो. पेडल दाबलं की त्याचा पिस्टन ऑइल (ब्रेकला लागतं तेच ब्रेक ऑइल) पुढे ढकलतो, ते पाइप आणि होजमधून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलेंडरला जातं (गॅरेजमध्ये याला खालचा सिलेंडर म्हणतात), तिथला पिस्टन बाहेर येऊन फोर्क नावाची दांडी ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंग ढकलतो आणि प्रेशर प्लेट क्लच प्लेटला सोडते, म्हणजे इंजिनचा जोर गिअरबॉक्सला जायचा थांबतो. पाइपने जोडलेल्या दोन सिरिंज डोळ्यासमोर आणा, तेच आहे सगळं. आत हवा गेली की दाबलेला जोर हवाच खाते, आणि रबर फाटलं की ऑइल मागे पळतं. हायड्रॉलिकच्या तक्रारींचं मूळ बहुतेक या दोनपैकी एका गोष्टीत असतं.

१. तुमच्या गाडीत हायड्रॉलिक क्लच आहे का

मारुती ८००, झेन, जुनी वॅगनआर या केबलच्या गाड्या, त्यांना हा लेख लागू नाही. सुमो, बोलेरो, क्वालिस, इनोव्हा हायड्रॉलिक. काही गाड्यांना क्लचची छोटी वेगळी ऑइल टाकी असते, काहींमध्ये ब्रेकच्याच टाकीतून एक नळी क्लच मास्टरला जाते.

अजून एक गोष्ट आत्ताच बघून ठेवा. स्लेव्ह सिलेंडर गिअरबॉक्सच्या बाहेर बोल्टने लावलेला आहे का आत रिलीज बेअरिंगसोबतच बसवलेला आहे? फोर्ड फिएस्टासारख्या गाड्यांमध्ये तो आत असतो, आणि तो गेला तर मात्र गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नाही. बाहेर असेल तर काम घरच्या पार्किंगमध्ये होतं.

२. तक्रार नक्की कोणती ते ठरवा

“क्लच खराब आहे” एवढ्याने काही कळत नाही. दोन तक्रारी पूर्ण उलट आहेत आणि लोक त्याच एकमेकीत मिसळतात.

क्लच सुटत नाही: पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही, फर्स्टला टाकून पेडल दाबून धरलं तरी गाडी हळूहळू पुढे सरकते, रिव्हर्सला करकर होते. इथे संशय पहिला हायड्रॉलिकवर.

क्लच स्लिप होतो: इंजिनचा आवाज वाढतो, आरपीएम चढतात पण गाडी ओढत नाही. इथे बहुतेक वेळा प्लेट खरंच झिजलेली असते. कात्रज घाट चढताना चौथ्यात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, आरपीएम एकदम वर गेले आणि स्पीड तिथेच राहिला तर स्लिप आहे. ज्यांची गाडी रोज सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर चालते त्यांची प्लेट लवकर जाते, त्यात नवल नाही.

सुटत नाही याची खात्री करायची सोपी टेस्ट: इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, पेडल पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग शांतपणे रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवून घेणारी रिंग) नसतो, त्यामुळे क्लच नीट सुटला नसेल तर करकर होणारच.

आणि हसू नका पण सगळ्यात आधी पेडलखालची मॅट काढा. जाड रबरी मॅटवर वरून अजून एक मॅट टाकलेली असते, पेडल खाली टेकतच नाही आणि लोक सिलेंडर बदलत बसतात.

३. काय काय सामान लागेल

- डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल, टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच, आणि सीलबंद डबा
- ब्लीड निपलचा (स्लेव्हवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) रिंग पाना (क्वालिसला १० नंबर), बोल्टसाठी १२ आणि १४ चे गोटी पाने
- फ्लेअर नट पाना, हा वगळू नका, कारण खाली सांगतो
- निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी आणि एक रिकामी बाटली
- सर्क्लिप पक्कड, टॉर्च, कापडं, हातमोजे, चष्मा
- जॅक आणि दोन स्टँड. विटा किंवा दगडांवर गाडी उचलून खाली शिरू नका, चाकाला अडण म्हणून वीट चालेल, गाडी पेलायला अजिबात नाही
- बादलीभर पाणी जवळच. ब्रेक ऑइल रंग खातं, बॉनेटवर किंवा मडगार्डवर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाण्याने धुवा
- आरसीचा फोटो मोबाइलमध्ये, पार्ट घेताना लागतो

क्वालिस, सुमो, बोलेरो उंच असल्यामुळे बऱ्याचदा जॅक न लावताही हात पोचतो.

४. वरून खाली तपासत जा

हा क्रम बदलू नका, वरचं सोपं आणि स्वस्त आहे म्हणून आधी वर.

टाकी: लेव्हल बघा आणि रंग बघा. चांगलं ऑइल फिकट पिवळं असतं, काळं गढूळ असेल तर आतली रबरं झिजताहेत किंवा ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नाही. इथे एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. ब्रेकचे पॅड झिजले की ब्रेक टाकीची लेव्हल खाली जाते, ते नॉर्मल आहे. पण क्लचची वेगळी टाकी असेल तर प्लेट झिजल्यावर तिथली लेव्हल उलट किंचित वर येते, कारण प्रेशर प्लेटची बोटं (स्प्रिंगच्या पट्ट्या) बेअरिंगच्या दिशेने सरकतात आणि स्लेव्हचा पिस्टन आत ढकलला जातो. म्हणजे क्लचच्या वेगळ्या टाकीतलं ऑइल कमी झालं तर ते “वापरलं गेलं” असं नसतं, कुठेतरी गळतंय.

पेडलच्या वर: सीटवर उलटं झोपून टॉर्च मारा. मास्टरचा रॉड जिथे फायरवॉलमधून येतो तिथे ओलं आहे का, खाली कार्पेटला चिकट डाग आहे का, फायरवॉलचा रंग फुगून निघालाय का. असेल तर मास्टरचं मागचं सील गेलं. रॉडला थोडा मोकळा प्ले हवा, बोटाने पेडल हलवलं की पहिले काही मिलिमीटर हलकं हलायला पाहिजे. प्ले अजिबात नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परत टाकीत जायचं भोक बंद राहतं, गाडी तापली की प्रेशर आत अडकून राहतं आणि चांगली प्लेट असूनही क्लच स्लिप होतो.

पाइप आणि होज: धातूच्या पाइपवर गंज, जॉइंटला ओल. रबरी होजला हात लावून धरा आणि मदतनिसाला पेडल दाबायला सांगा, होज हातात फुगलेला जाणवला तर तो बदलायचा. होज कधीकधी आतून सुजून बंद होतो, अशा वेळी पेडल सोडल्यावर क्लच उशिरा पकडतो. स्लेव्हचं निपल सैल केल्यावर लगेच पकडला तर ऑइल परत जायच्या वाटेत अडथळा आहे, म्हणजे होज किंवा वर सांगितलेलं मास्टरचं भोक.

स्लेव्ह: गिअरबॉक्सच्या बाजूला खाली. त्याचं रबरी बूट (तोंडावरचं टोपण) बोटाने मागे ओढा. आत कोरडं असायला हवं. आमच्या गाडीचं बूट मागे ओढलं तेव्हा काळपट ऑइलची धार थेट मनगटावर आली, आणि नंतर पिस्टन काढल्यावर वॉशरची कड नखाएवढी फाटून दुमडलेली दिसली. बाहेरून सिलेंडर साधारण कोरडा वाटत होता, सगळं ऑइल बुटाने धरून ठेवलं होतं. त्यामुळे बाहेरून बघून “लीकेज नाही” असं कोणी म्हटलं तर मान्य करू नका, बूट ओढायला लावा.

खाली थेंब दिसतोय पण कशाचा ते कळत नाहीये? वाटीत पाणी घेऊन त्यात थेंब टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल वर तरंगतं. स्लेव्ह आत असलेल्या गाडीत हे फार कामाचं आहे, कारण तिथे गिअरबॉक्सच्या घंटेतून (क्लचवरचं घंटेसारखं कव्हर) खाली काय टपकतंय यावरच निदान ठरतं.

५. पेडल काय सांगतं

पेडल एकदा दाबा, मग पटापट चार-पाच वेळा पंप करा. पंप केल्यावर कडक होत असेल आणि गिअर नीट पडत असेल तर आत हवा आहे किंवा मास्टर कमजोर आहे.

आता पेडल दाबून मिनिटभर धरून ठेवा. गाडी फर्स्टमध्ये, इंजिन चालू, पुढे मोकळी जागा आणि हात हँडब्रेकवर. सुरुवातीला सुटलेला क्लच हळूहळू पकडायला लागला आणि बाहेर कुठेही गळती नाही, टाकीची लेव्हल पण तेवढीच, तर मास्टरच्या आतलं वॉशर ऑइल मागे सोडतंय. हे सगळ्यात जास्त चुकणारं निदान आहे कारण एक थेंबही बाहेर दिसत नाही. सिग्नलला दाबून उभं राहिलं की त्रास, चालत्या गाडीत काही नाही, अशी तक्रार असेल तर हेच बघा.

पेडल खाली जाऊन तिथेच चिकटलं, पायाने उचलावं लागलं तर ऑइल संपलंय किंवा भरपूर हवा आहे.

६. शेवटची टेस्ट, दांड्याची चाल

इंजिन बंद. मदतनीस पेडल पूर्ण दाबेल आणि तुम्ही खालून स्लेव्हचा दांडा किती बाहेर येतो ते पट्टीने मोजा, मग पेडल दाबूनच ठेवायला सांगून तो मागे सरकतो का बघा. किती यायला हवा तो आकडा तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळेल. चाल कमी असेल किंवा दांडा मागे येत असेल तर दोष हायड्रॉलिकमध्ये. पूर्ण चाल येतेय, टिकतेय, तरीही गिअर पडत नाही, तर हायड्रॉलिक निर्दोष आहे आणि फोर्क, बेअरिंग, प्रेशर प्लेट बघायची, म्हणजे गिअरबॉक्स उतरवावाच लागणार. माझ्या मते ही मोजणी केल्याशिवाय क्लच सेट घ्यायला पैसेच देऊ नयेत.

७. पार्ट आणायला जाताना

पुण्यात नाना पेठेत सगळं मिळतं, पण जुना पार्ट हातात घेऊन जा. एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे सिलेंडरचा बोअर (आतला व्यास) बदललेला असू शकतो, सिलेंडरच्या अंगावर बऱ्याचदा साइज कोरलेली असते, तिचा फोटो आणि आरसीवरचा चासिस नंबर दुकानदाराला दाखवा. नुसतं “क्वालिसचं क्लच किट द्या” म्हणून आणलेलं किट परत न्यायची वेळ येते.

किट घ्यायचं का अख्खा सिलेंडर? जुना सिलेंडर उघडून आतून स्वच्छ करा आणि नख फिरवा. गुळगुळीत असेल तर किट पुरे. नख अडकलं, गंजाचे खड्डे लागले तर किट टाकणं म्हणजे पैसे वाया, नवीन रबर त्या खड्ड्यांवर घासून काही महिन्यांत परत फाटतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आपल्याकडे चार महिने पावसाळा, आणि जुन्या गाड्या बऱ्याचदा नुसत्या उभ्या असतात, म्हणून हे खड्डे पडतात. ॲल्युमिनियमचा सिलेंडर असेल तर आतून घासून गुळगुळीत करायच्या भानगडीत पडू नका, नवीनच घ्या.

मास्टर बदलला तर स्लेव्हचं किट पण त्याच वेळी टाका. वर प्रेशर चांगलं आलं की खालचं जुनं रबर लवकरच हात टेकतं, असं बरेचदा होतं.

जुन्या बाजारातून पाने खुशाल घ्या, छान मिळतात, पण वापरलेला सिलेंडर किंवा उघडलेला ऑइलचा डबा घेऊ नका.

८. बदलताना

पाइपचा नट फ्लेअर पान्यानेच सोडवा. साध्या पान्याने तो नट गोल होतो, मग पाइपच कापावा लागतो आणि तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं.

स्लेव्ह खोलून बाजूला लटकत असताना पेडल कोणीही दाबायचं नाही, पिस्टन बाहेर उडून येतो. घरात लहान मुलं असतील तर गाडीची दारं लॉक करा.

सगळ्यात मोठा धोका धुण्यात आहे. गॅरेजमध्ये सवयीने सगळे पार्ट डिझेलमध्ये नाहीतर पेट्रोलमध्ये धुतात. सिलेंडरच्या आतल्या रबराला पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल यातलं काहीही चालत नाही, ते फुगतं आणि मऊ पडतं. नवीन किट टाकूनही आठवड्यात क्लच बसला अशी तक्रार असते तेव्हा हे एक कारण असतं. धुवायला ताजं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट, बसवताना रबराला ब्रेक ऑइलच लावा, साधं ग्रीस नाही. तुम्ही गॅरेजमध्ये काम करून घेत असाल तर ही एक गोष्ट उभं राहून बघा.

वॉशर काढायच्या आधी फोटो काढा. त्याची उघडी, वाटीसारखी बाजू ऑइलकडे तोंड करून असते, उलटं बसलं तर प्रेशर धरणारच नाही.

९. एअर काढणे

बरीच चांगली कामं इथे घाईमुळे फसतात.

टाकी भरा. निपलवर नळी लावा, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोडं ऑइल घेऊन त्यात बुडवा. आता मदतनिसाबरोबर शब्द ठरवून घ्या, “दाब”, “धरलं”, “सोड”, एवढेच. माझा पुतण्या “हो” म्हणायचा, ते “धरलं” का “सोडू का” तेच कळायचं नाही.

तुम्ही “दाब” म्हणा, तो हळू आणि पूर्ण दाबून “धरलं” म्हणेल. तुम्ही निपल अर्धा फेरा सैल करा, नळीतून बुडबुडे आणि ऑइल येईल, निपल बंद करा, आणि बंद केल्यावरच “सोड” म्हणा. बंद करायच्या आधी पेडल सुटलं तर हवा परत आत. सुरुवातीला पेडल आपोआप वर येणार नाही, हाताने उचला. दर चार-पाच वेळांनी टाकी बघा, ती रिकामी झाली की पहिल्यापासून सुरू. बुडबुडे थांबले आणि स्वच्छ नवीन ऑइल येऊ लागलं की झालं.

तरीही पेडल स्पंजसारखं लागत असेल तर स्लेव्हचे बोल्ट काढा, निपल सगळ्यात वर येईल असा तो तिरका धरा, दांडा क्लॅम्पने आत घट्ट दाबून ठेवा (नुसता हाताने धरू नका, पेडल दाबलं की पिस्टन उडून येईल) आणि परत एअर काढा. अडकलेला बुडबुडा यात बहुतेक वेळा निघतो. नाहीतर खालून भरा: मोठ्या सिरिंजने निपलमधून ऑइल हळूहळू वर ढकलायचं, हवा टाकीतून बाहेर पडते, फक्त आधी टाकीतलं थोडं ऑइल काढून घ्या, नाहीतर ती ओसंडून फायरवॉलवर सांडते.

निपल जोर लावून आवळू नका, तुटतं. निघालेलं ऑइल परत टाकीत ओतायचं नाही, गटारातही नाही, बाटलीत भरून ओळखीच्या गॅरेजमध्ये द्या, त्यांच्याकडे जुनं ऑइल गोळा होतं.

१०. रस्त्यातच क्लच बसला तर

आधी गाडी बाजूला, हझार्ड लाइट चालू. टाकी बघा, ब्रेक ऑइल असेल तर भरा आणि पेडल भराभर पंप करा, बऱ्याचदा गॅरेजपर्यंत जाण्याइतका क्लच येतो. टाकी ब्रेकबरोबर एकच असेल आणि लेव्हल खूप खाली असेल तर गाडी चालवू नका, टो करा. ब्रेक ऑइल मिळत नाही म्हणून इंजिन ऑइल टाकायचं नाही, सगळी रबरं जातात, आणि टाकी एकच असेल तर ब्रेकची पण.

काहीच जमलं नाही आणि गाडी थोडीच पुढे न्यायची असेल तर इंजिन बंद करून फर्स्ट टाका आणि गिअरमध्येच स्टार्टर मारा, गाडी झटका घेऊन चालू लागते. पुढे माणूस, गाडी काही नको. क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट न होणाऱ्या गाड्या वेगळ्या आहेत, पण जुन्यांमध्ये बहुतेक चालतं. चढावर किंवा चांदणी चौकासारख्या गर्दीत हे करू नका.

११. आणि खरंच गिअरबॉक्स उतरवावा लागला तर

मोजणीत दोष आतला निघाला तर मग काटकसर करू नका. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला, कारण मजुरी गिअरबॉक्स उतरवायची असते आणि ती परत द्यायला नको. स्लेव्ह आत असेल तर तो कितीही चांगला दिसला तरी नवीन. फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते ती इंजिनची जड चकती) निळे डाग किंवा भेगा आहेत का ते स्वतः बघा, इंजिनचं मागचं ऑइल सील ओलं असेल तर तेही आत्ताच, नाहीतर नवीन प्लेटवर ऑइल येऊन ती स्लिप व्हायला लागते.

जुने पार्ट परत मागा आणि प्लेटच्या रिव्हेटपर्यंत किती जाडी उरली होती ते बघा. गाडी ताब्यात घेताना तिथेच रिव्हर्सची टेस्ट करा, टाकीच्या लेव्हलवर मार्करने रेघ मारा, आणि आठवडाभराने सकाळी गाडी थंड असताना ती रेघ परत बघा.